खाली पाहणारा

प्रिय ठमाबाई,

पत्र पाहून बिचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहोत. तुझी आई सकाळपासून मागच्या खोलीतली माझी पुस्तकं बाहेर काढते आहे. मी सारखा मध्येमध्ये येतो म्हणून मला खिडकीपाशी बसवलंय.

आमचा प्राणिकोश रडतखडत एकदाचा 'क'पर्यंत आला. परवा माझ्या वाट्याला एक विचित्र प्राणी आला, कॅटोब्लेपास. नाव ग्रीक, अर्थ अगदी सरळ: खाली पाहणारा. जुन्या ग्रंथांत म्हटलंय, की त्याचं डोकं इतकं जड की मान कायम जमिनीकडे. आणि तेच बरं, कारण त्याच्याशी नजरानजर झाली की माणूस मेलाच म्हणून समजा. अभ्यासकांना वाटतं, मुळात तो हरणाच्या जातीतला, खाली मान घालून गवत खाणारा एखादा गरीब प्राणी असावा. कुणीतरी लांबून पाहून पळालं असेल आणि बाकीचं तिखटमीठ ऐकणाऱ्यांनी लावलं असेल.

मी त्याच्या नोंदीचं कार्ड लिहिलं आणि शेवटी 'स्वभावाने रागीट' असं ठोकून दिलं. एकतीस वर्षांत पदरचा एक शब्द घातला नव्हता. कार्डं तपासणाऱ्या बाई माझा स्वल्पविरामही सोडत नाहीत, तुला ठाऊक आहे. त्यांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढून बाजूला लिहिलं, 'आधार?' मी दिवसभर पुस्तकं धुंडाळली. आधार कुठेच नव्हता.

त्या गोलाकडे बघताबघता आपलं जेवणाचं टेबल आठवलं. दोन वर्षांपूर्वी तू सांगितलंस, की नवऱ्याचं घर सोडलंय, परत जाणार नाहीस. मी ताटातून मान वर केली नाही. तू बॅग उचलून गेलीस. तेव्हापासून फोन करतेस तो आईला, आणि मी घेतला की घाईत असतेस.

काल आई म्हणाली, सह्या झाल्या, तू मोकळी झालीस. मी मोरीत जाऊन पोटभर रडलो, आणि इतकं हलकं वाटलं की आज हे लिहायला बसलो. ठमे, त्या दिवशी मी रागावलो नव्हतो गं. माझा जीव भांड्यात पडला होता. पण तू नको नको म्हणत असताना ते घर मीच तुझ्या गळ्यात मारलं होतं. तुझ्याकडे कुठल्या तोंडानं बघणार होतो? कार्डावरचा 'रागीट' मी खोडला. तूही खोड. रविवारी ये. खोली रिकामी होते आहे, आणि मी दारातच उभा असेन, तुझ्या वाटेकडे बघत.

तुझाच,
बाबा