मुळशी रेफरन्स आणि बाकीच्यांचे कान

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९
मुक्काम मुळशीला हलवला. साळूबाईंच्या घरामागच्या दोन खोल्या. नांदे गावातल्या आमच्या फ्लॅटसमोर बांधकाम, वरच्या मजल्यावर ड्रिलिंग. तिथे हेडफोन बनवायचा म्हणजे मासळी बाजारात ध्यानाला बसायचं.

इथे शंभर टक्के शांतता. काल संध्याकाळी अर्धा तास ओट्यावर बसून मुद्दाम ऐकलं. बेडूक आहेत, पण रातकिडा एकही नाही. रिसॉर्टवाल्यांनी फवारणी करून संपवले असणार. नोंद: मुळशीत रातकिडे नाहीत.

बिनपगारी रजा ३१ तारखेपर्यंत. क्षितिजाशी नवरा-बायकोतला करार झालाय. माझा हेडफोन शेखरने त्याच्या हेडफोनच्या दुकानात ठेवायचं कबूल केलं, तर मी नोकरी सोडायची. नाहीतर एक तारखेला गुपचूप हिंजवडीचं ऑफिस. शेखर नाही म्हणणं शक्यच नाही, म्हणजे नोकरी सुटलीच. ती फोनवर आणखीही काही म्हणाली, पण हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. ऑफिसातही सगळे असेच बोलतात. स्पष्ट उच्चार ही गोष्ट महाराष्ट्रातून संपली.

उद्यापासून रोज धरणापर्यंत चालणे.

३ ऑगस्ट
पाऊस. चालणे रद्द.

डिझाइन फायनल. सामान्य जनता हेडफोनमध्ये एक टीचभर भोंगा ऐकते आणि खूश होते. माझ्या प्लेनर मॅग्नेटिक जातीच्या हेडफोनमध्ये भोंगा नाही. केसाहून पातळ फिल्म, तिच्यावर तारेची नक्षी, आजूबाजूला चुंबकांच्या पट्ट्या. सगळी फिल्म एकदम हलते. चुंबक एकाच बाजूला लावले तर वजन कमी, पण फिल्मला ओढ असमान. दोन्ही बाजूंना लावले तर आवाज शुद्ध, वजन सातशे ग्रॅम. मी दोन्ही बाजूंना लावणार. तडजोड करणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. ज्यांच्या मानेला झेपत नाही त्यांनी कानात ते पांढरे शेंगदाणे खुपसावेत.

बाकीच्यांनी ज्यावरून माप घ्यावं असा हेडफोन, म्हणून नाव ठरलं. मुळशी रेफरन्स.

९ ऑगस्ट
पहिला नमुना तयार. खालचे सूर अप्रतिम. पखवाजाची थाप पोटात बसते. पण वरचे सूर गोधडीखालून आल्यासारखे. झांजेचा नुसता धक्का, झणकार नाही. दोष कानाच्या बाजूला लावलेल्या फेल्टच्या लोकरी चकतीचा. ते मी एका जर्मन माणसाचा व्हिडिओ बघून लावलं होतं. जर्मनांना संगीतातलं काय कळतं.

१० ऑगस्ट
फेल्ट काढलं. किंचित बरं.

साळूबाईंना ऐकवलं. लगेच काढून खाली ठेवला. कानात सुई घातल्यावानी होतंय म्हणाल्या. ज्यांचं संगीताचं शिक्षण लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावर झालंय, त्यांना डिटेल सुईसारखंच लागणार. जाताना म्हणाल्या, तुमच्या खोलीतला इन्व्हर्टर सकाळपासून चिरचिरतोय. त्याच्याशेजारी पाच मिनिटं उभा राहिलो. काही नाही. वय झालं बाईंचं. संध्याकाळी इन्व्हर्टर बंद पडला. योगायोग.

१३ ऑगस्ट
पौडला अतीकच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात गेलो. मुद्दा असा: फिल्म जितकी पातळ तितकी चपळ, पण ताण जरा कमीजास्त झाला की फडफडते. तरी आणखी पातळ फिल्म लावायची ठरवली. तारा जोडायला अतीकच्या सूक्ष्मदर्शकाशिवाय पर्याय नव्हता. हात चांगला आहे त्याचा. कानाचं बोलायला नको. लावून बघितला आणि म्हणाला, वरचा आवाज लई टोचतोय.

मग आवाज मोजायचा माझा माइक लावून ग्राफ काढला त्याने. वरच्या सुरांत हा एवढा डोंगर. माइकला दमट हवा बाधलेली दिसते. तो अतीकलाच देऊन टाकला.

माझ्या कानांना दमट हवा बाधत नाही. अकरा वर्षं पथकात ताशा वाजवलाय, पहिल्या ओळीत, लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधोमध. कान असे तयार होतात. आणि शेखर? तोच पथकात ढोल वाजवायचा, पण कानात कापसाचे बोळे घालून. आम्ही त्याला कापूस्या म्हणायचो. अख्ख्या पथकात घाबरट तो एकटा. आज तोच हेडफोनचं दुकान चालवतो आणि मी त्याच्या होकाराची वाट बघतोय. काय काळ आलाय.

१७ ऑगस्ट, रविवार
गोधडी अजून आहेच. विचारांती कानाच्या बाजूचे चुंबक काढून टाकले, वरचे सूर तेच अडवत होते. वजन साडेचारशे ग्रॅम. ही तडजोड नाही. मी पहिल्यापासून एका बाजूच्याच मताचा होतो.

चुंबक निम्मे झाल्याने आवाज बारीक येतो. ॲम्प्लिफायरचा आवाज तीन घरं पुढे नेला. आता झांज जवळजवळ आली.

चालणे सोमवारपासून.

२१ ऑगस्ट
क्षितिजा येऊन गेली. तिला मुळशी रेफरन्स लावला. अर्ध्या मिनिटात डोळ्यांत पाणी. बारा वर्षांच्या संसारात माझ्या कामाने पहिल्यांदाच भारावली. नुसती कपाळ धरून बसली. निघताना डॉक्टरांबद्दल काहीतरी म्हणाली. मी सांगितलं, डोक्याला जरा घट्ट बसतो म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४
शेखर आला. गाडीतून उतरताना तोच घाबरट चेहरा. हेडफोन लावला. चार सेकंद. काढला. ॲम्प्लिफायरचा आवाज खूप खाली आणून परत लावला आणि दोन मिनिटं ऐकला. म्हणाला, खालचे सूर त्याच्या दुकानातल्या कुठल्याच हेडफोनपेक्षा सरस आहेत. तेवढी अक्कल आहे.

मग विचारलं, वर ते काय चिरकतंय ते ऐकू येत नाही का तुला? मी म्हटलं, काही चिरकत नाही, वरचे सूर अजून कमीच आहेत. त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यात काहीतरी लावलं आणि मोबाइल आमच्या मध्ये टेबलावर ठेवला.

"निरंजन, वाजायला लागलं की सांग."

मी वाट बघत बसलो. तो माझ्याकडे बघतोय, मी मोबाइलकडे. शेवटी म्हटलं, लाव ना. तेवढ्यात साळूबाई ओट्यावरून आत डोकावल्या.

"आवं, ते बंद करा की. किती येळ वाजतंय, म्हस बुजायला लागली."

शेखरने मोबाइल खिशात टाकला. हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. कान तपासून घे एवढंच म्हणाला, हेडफोनचं मग बघू.

मत्सर. कापूस्या तो कापूस्याच. साळूबाई आणि म्हैस दोघी त्याला सामील. परवा पिरंगुटला जाऊन कान तपासून घेतो आणि सर्टिफिकेट फ्रेम करून त्याच्या दुकानावर पाठवतो.

२६ ऑगस्ट
पिरंगुट. तपासणारी मुलगी पंचविशीची. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला फालतू हेडफोन लावला (भोंगावाला, पॅड फाटके) आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. सुरुवातीचे पटापट दाबले. मग बराच वेळ तिने काही सुरूच केलं नाही. मोबाइल बघत असणार. मी शांतपणे बसून राहिलो. मग दार उघडून म्हणाली, झालं.

कागदावर दोन रेघा. डावीकडे सपाट जातात आणि मग ताम्हिणी घाटासारख्या खाली कोसळतात. दोन्ही कान. तिने विचारलं, कारखान्यात होतात का, मोठ्या आवाजात काम केलंय का. मी म्हटलं, छे. पथकात ताशा वाजवायचो तेवढाच, पण तो आवाज नाही, ती कला आहे. तिने कागदावर लिहिलं: ताशा.

गेलेलं परत येईल का विचारलं. ती अगदी स्पष्ट बोलली. नाही.

२८ ऑगस्ट
पथकातल्या निषादचा ग्रुपवर मेसेज: विसर्जनाला ताशाला माणूस कमी आहे. उत्तर दिलं नाही.

चुंबक दोन्ही बाजूंना परत लावले. जुनी फिल्म, फेल्टही. सातशे ग्रॅम. अगदी ९ तारखेला होता तसा. माझ्या कानांना पुन्हा गोधडी. अतीकने माझ्याच माइकवर ग्राफ काढला. डोंगर नाही, रेघ सरळ. शेखरला ग्राफ पाठवला.

३० ऑगस्ट
शेखरचा फोन. दोन जोड ठेवून बघतो म्हणाला. पण एक अट. प्रत्येक जोड पाठवण्याआधी अतीकने ऐकून पास करायचा. मी नाही. अट मी लिहून घेतली. त्याने टोमणा मारला नाही. अकरा वर्षं त्याला कापूस्या म्हटलं, तेव्हाही तो असाच गप्प असायचा.

क्षितिजाला सांगितलं, करारात हे बसतं की नाही ते तूच ठरव. तिचं उत्तर मला तीनदा विचारून घ्यावं लागलं. तीनही वेळा ती चिडली नाही. उद्या ये, घरी बोलू, असं म्हणाली.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७
सामान भरून झालं. साळूबाईंकडे गौरी आल्या, घरात माणसं. तरी दहा मिनिटं ओट्यावर आल्या. त्यांना मुळशी रेफरन्स लावला. त्यांच्या भजनी मंडळाचंच रेकॉर्डिंग. पूर्ण ऐकलं. मान हलवत होत्या. काढल्यावर म्हणाल्या, आता ग्वाड लागतंय, पयलं असं का न्हवतं केलं?

पहिलं असंच होतं, हे त्यांना सांगितलं नाही.

अंधार पडायला लागला. बेडूक. मग विचारलंच, इथे रातकिडे असतात का हो.

"व्हय की. आत्ता काय वरडत्यात मग?"

पाच मिनिटं बसलो. बेडूक.

२ तारखेच्या नोंदीत दुरुस्ती: मुळशीत रातकिडे आहेत.