काकांच्या शेतातला हुरडा

जानेवारी, रविवार संध्याकाळ

हाताला अजून आगटीच्या धुराचा वास येतोय. हुरडा खायला दौलताबादला धाकट्या काकांकडे गेले होते. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून भावकीतला माणूस मेला, जन्मठेप झाली. सुटल्यावर वैजापूरकडे, आमच्या गावी, फिरकले नाहीत. दौलताबादलाच दुसऱ्याचं रान बटाईनं करतात.

सध्या अनुवाद करतेय त्या आयरिश कैद्याची गोष्ट त्यांना सांगितली. मेंढी चोरली म्हणून ऑस्ट्रेलियाला धाडलेला, शिक्षा संपल्यावर तिथंच मोठा शेतकरी झाला. काका तळहातावर कणीस चोळत ऐकत होते.

"घरी परत गेला का?"

"नाही. जाता आलं असतं."

"कुणी बोलावलं नसंल."

निघताना हुरडा फडक्यात बांधून दिला. "वहिनीला दे. माझं नाव नको घेऊ."

त्या कैद्याच्या वाटेत समुद्र तरी होता. आमच्या वाटेत काय आहे?

घरी आईनं मूठभर खाल्ला. "लई गोड हाय. कुणाचा गं?"

"विकतचा," म्हणाले. का म्हणाले?

आईनं फडकं झटकलं, त्यात तिळाचे लाडू बांधून माझ्या पिशवीत ठेवले. "रिकामं नको परत नेऊस."

'भाऊजींना बोलव' एवढं मात्र म्हणाली नाही.