उसना सिलिंडर

प्रिय कौस्तुभ,

फोनवर हे बोलता येत नाही. तुझे बाबा फोन स्पीकरवर ठेवतात आणि मधेच श्रीलंकेला सल्ले देतात. म्हणून पत्र. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पेन हातात धरलं नव्हतं, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तुझ्या दिल्लीतल्या कामाची बातमी बाबांनी कट्टा गावच्या बाजारात पोचवली आहे. गॅस उणे एकशेसाठ अंशांपर्यंत थंड केला की पाण्यासारखा होतो, सहाशे घागरींचा गॅस एका घागरीत मावतो, आणि ती घागर जहाजात घालून आपला मुलगा शेजारच्या श्रीलंकेला देणार आहे, असं ते बसस्टॉपवर उभे राहून सांगतात. परवा शेजारचे बाबलीकाका तिथेच वाण्याकडे होते. ते बाबांशी बोलत नाहीत, म्हणून वाण्याला म्हणाले, "मग हे सिलिंडरच्या गाडयेची वाट कित्याक बघतत? झिलाक सांगा म्हणावा, एक घागर घेवन ये." स्वयंपाकाचा गॅस वेगळा आणि तुझा जहाजातला वेगळा, हे तू तीनदा समजावलंस. बाबांना पटलेलं नाही.

मागच्या रविवारी तू म्हणालास, करार एका कलमावर सहा महिने अडला आहे. त्यांचं जहाज उशिरा आलं तर आपण द्यायचं, आपलं अडलं तर त्यांनी, घेणाऱ्याने तेवढंच परत करायचं. इथवर सगळे तयार. दोघांकडे एकदम तुटवडा पडला तर काय, यावर कोणी सही करत नाही. बाबा लगेच म्हणाले, "आधी आपला बघ. शेजाऱ्याक दिलेलो गॅस परत येणा नाय." मी तेव्हा बाबलीकाकांकडच्या, किशोरीकाकीच्या सिलिंडरवर भाकरी भाजत होते.

तुला ठाऊकच आहे. अकरा वर्षांपूर्वी आपल्या माडाची झावळी बाबलीकाकांच्या नव्या स्कूटरवर पडली. ते भरपाई मागायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "माड आमचो आसा. वारो खंयचो, तां तूच शोध." तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. पण त्याच महिन्यात किशोरीचा गॅस संपला आणि गाडी आली नाही. तिने मागच्या दगडी गडग्यावरून, जिथे चिरे पडलेत तिथून, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी सिलिंडर दिला. पुढच्या गाडीला तिने भरलेला परत केला. त्यानंतर आम्ही कधी काही ठरवलं नाही आणि कधी मोडलंही नाही.

दोघींचा एकदम संपला, असंही एकदा झालं. महिला मंडळातून एक अर्धा सिलिंडर मिळवला आणि किशोरीच्या मागच्या पडवीत एकाच टोपात दोन्ही घरांचं माशाचं तिखलं केलं. बाबलीकाकांना मासा आवडला. तुझे बाबाही दोनदा भात घेऊन जेवले आणि हात धुताना म्हणाले, "बाबलीगेर कायतरी करपला वाटता." तुझ्या साहेबांना हे सांगता आलं तर सांग. नावं घालू नकोस.

सिलिंडर न्यायचं काम तुझं आणि उतरून घ्यायचं किशोरीच्या अक्षयाचं. गडग्यापर्यंत जाऊन यायला दोन मिनिटं लागतात. तुला पाऊण तास लागायचा. मी विचारलं नाही. वाटलं, जड असतो.

आता अक्षयाला बघायला सावंतवाडीची माणसं येणार आहेत, येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. मुलगा बँकेत आहे, बोलायला बरा आहे. किशोरीने बारा माणसांचं जेवण धरलं आहे आणि तिचा गॅस संपत आलाय. काल अक्षया अळूची पानं द्यायला आली. मी सहज म्हटलं, कौस्तुभ बरा आहे. ती पानं मोजत म्हणाली, "तो सहा म्हयने एका कलमावर बसलो आसा, काकी. माझो नंबर येईसर माका नातवंडां व्हतली."

कलमाचं मी तिला सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही; ते बाजारात फक्त घागर सांगतात.

आज सकाळी किशोरी गडग्याशी आली. माझा सिलिंडर परवाच भरून आलाय, तिला दिसतो, आणि तिचा उसना फेडायचाही आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी हो म्हटलं नाही. म्हटलं, बघते. ती घरात गेली आणि दार जरा जोरात लागलं. करार मोडायचा तर तो माझ्या हातून मोडेल, हे मला बरं वाटत नाही. आणि त्या जेवणाला माझ्या चुलीचा गॅस जावा, हेही मला बरं वाटत नाही.

बाबांची काळजी करू नकोस. अकरा वर्षं ते त्या घरच्या गॅसवर जेवतायत, हे त्यांना कधीतरी सांगायचंच होतं. बाबलीकाकांकडचं किशोरी बघेल.

तुला काय म्हणायचं असेल ते त्या रविवारच्या आत म्हण. मला नको, अक्षयाला. सिलिंडर हवा की नको, ते मग ती मला सांगेल.

तुझीच,
आई