निळा राजा जागचा हलेना

सालवड, बोईसर
रविवार, १८ जानेवारी १९९८

तीर्थरूप नामदेवदादांस,

धाकट्या नागोरावचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि भुऱ्या म्हशीचा स्वभाव (क्रम चुकला असल्यास माफी असावी) आटोक्यात असेल असं धरून चालतो. माझं विचाराल तर मी मजेत आहे. वजन जरा उतरलंय, पण स्वतःच्या हातचं खाणाऱ्याचं ते उतरायचंच.

पत्र लिहायचं कारण म्हणजे मी राजा झालो आहे. हसू नका, वहिनींनाही हसू देऊ नका. झालं असं, की रंभा गेल्यापासून मी घरात भिंतींशी बोलतो असं आमच्या उषाच्या मनाने घेतलं आहे. (साफ खोटं. मी फक्त रेडिओला उलट उत्तरं देतो.) म्हणून जावयांनी त्यांच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणला, रंभाच्या शिलाई मशीनवर मांडला, त्यात एक खेळ घातला आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं पुण्याला गेली. आता मी पायडलवर पाय ठेवून राज्य करतो.

खेळ असा, की आपला एक राजा, एक किल्ला आणि भोवती सगळा काळोख. राजा घोड्यावरून जसा पुढे जाईल तसा मुलूख उजळत जातो. कुठे लाकडाची वखार, कुठे सोन्याची खाण. सैन्यात पंखवाले सिंह आहेत आणि नुसत्या हाडांचे सापळे आहेत. (सापळे जेवत नाहीत, रजा मागत नाहीत. आमच्या मालकांच्या दृष्टीस पडू नयेत एवढीच इच्छा.) सगळं इंग्रजीत, त्यामुळे पहिल्याच दिवशी घात झाला. चित्र बघून मला वाटलं खानावळ आहे, म्हणून खजिना रिकामा करून ती बांधली, तर निघाला दारूचा गुत्ता. रंभा असती तर राज्य तिथेच बुडालं असतं. पुढे चौकात काही शेतकरी उभे दिसले. आपलीच माणसं म्हणून रामराम घालायला गेलो, तर त्यांनी खुरप्या-कोयत्यांनी माझे सगळे सिंह कापून काढले. मात्र या खेळात एक गोष्ट मला फार आवडली. आपण विचार करत असलो की शत्रू हात बांधून उभा राहतो. मी मध्येच उठून भात लावला, जेवलो, भांडी घासली, तरी तो आपला तिथेच. एवढं थांबणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

नवापूरची जमना अजूनही मासे घेऊन दारात येते. (रंभा तिच्याकडूनच बोंबील करायला शिकली होती, मी अजून करपवतो.) परवा तिने पाटी खाली ठेवली आणि पडद्याकडे टक लावून बघत राहिली. म्हणाली, "भाऊ, यवडा मोटा किल्ला बांदलाव, नि तुमचा राजा एकलाच हाय? घरात बायमानूस नाय?" मी म्हटलं, खेळात तशी सोय नाही. "मंग यो खेल कसला?" असं म्हणून तिने दोन बोंबील जास्त टाकले आणि निघून गेली. दादा, खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता मुख्य भानगड. खेळ सुरू होताना कॉम्प्युटर विचारतो, खेळणारे किती? घरात खुर्च्या दोन, म्हणून मी दोन दाबलं. मग त्याने नावं मागितली. लाल राजाला माझं दिलं, निळ्याला तुमचं. माझी खेळी संपली तशी पडद्यावर पाटी आली, आता नामदेवची खेळी. आणि दादा, मी हात काढून घेतला. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या प्लँटमध्ये नियमच आहे, की पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि दुसऱ्याच्या चार्जला बोट लावायचं नाही. सगळा जन्म त्यात गेला. तेव्हा मी बसून राहिलो, आणि निळा राजा किल्ल्याच्या दारात तसाच उभा. माझ्या पाळीतला तिवारी म्हणाला, "अरे नागोरावजी, दूसरा भी आप ही चला दो, नहीं तो कंप्यूटर को दे दो, वो खेल लेगा." एक बटण दाबलं की झालं म्हणे. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

लहानपणी सोंगट्या खेळताना तुम्ही डाव अर्धा टाकून म्हैस पिळायला जायचात, आणि पटावर कोंबडी चढू नये म्हणून मी राखण करत बसायचो. तुम्ही मुद्दाम उशीर करायचात हे मला तेव्हाही कळत होतं. पण यायचात. रंभाच्या तेराव्यानंतर मात्र तुम्ही इकडे आला नाहीत. गुडघा आहे, शेती आहे, मला सगळं समजतं. पण दादा, फार एकटं वाटतं.

वहिनींना नमस्कार. म्हशीला नको, ती मला ओळखत नाही.

तुमचा,
नागोराव

ता. क. : वरचं ते एकटं वाटण्याचं वाक्य वहिनींना वाचून दाखवू नका, त्या रडतील आणि दमा वाढेल. मी खरंच मजेत आहे.

ता. क. दुसरा : ज्वारी निघाली की या. विरारहून गाडी सुटल्यावर वैतरणेचा पूल लागेल, तिथे उठायची घाई करू नका. पालघर गेलं की मग पिशवी हातात घ्या. मी बोईसरला फलाटावर उभा असेन. तुमच्या खुर्चीवर उशी ठेवली आहे.

ता. क. तिसरा : नाहीच जमलं, तर निळा राजा कुठे न्यायचा ते पोस्टकार्डावर कळवा. मी तुमच्या खुर्चीत बसून तेवढीच खेळी करीन आणि लगेच उठेन. आणि काहीच सुचलं नाही, तर नुसतं 'थांब' असं लिहा. या खेळात तीसुद्धा खेळी धरतात.