कोंडाबाईचं मत

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सास्तूर.
सकाळी लाइट गेली. इन्व्हर्टर उतरला, मग सर्व्हरही बंद. दुपारी सुरू.
आमच्या मुलाला, यज्ञेशला, जाऊन वर्ष होईल. मागच्या खोलीत एका कॉम्प्युटरवर त्याने 'चावडी' नावाची साइट चालवली. गावातली आणि गाव सोडून गेलेली माणसे तिथे लिहितात. अशा लहान साइट जगभर आहेत, एकमेकींना जोडलेल्या, कुठल्या एका कंपनीच्या नाहीत. फक्त आमची लाइट गेली की आमची चावडी दिसत नाही.
मशीन आता मी सांभाळतो. सेवा उत्तम आहे, लाइट असते तेव्हा.

मंगळवार, ४.
तुळजापूरहून निवेदिताचा फोन. यज्ञेशची मैत्रीण, साइटची व्यवस्था तीच बघते. म्हणाली, काका, निम्मा महिना चावडी बंद असते, पुण्यात भाड्याच्या मशीनवर हलवू. रविवारपर्यंत सभासद मत देतील. मी म्हणालो, जरूर, लोकशाही आहे.
बायकोला, वनमालाला, सांगितले. म्हणाली, "न्या म्हणावं एकदाचं. रात्रंदिवस नुसती घरघर." तिला कळत नाही. घरघर थांबली तर त्या खोलीत काहीच उरत नाही.
ठराव: निकालात ढवळाढवळ करायची नाही.

बुधवार, ५.
'हलवू नये' याला मत दिले. नंतर यज्ञेशच्या खात्यावरूनही दिले. त्याचे मत मला माहीत आहे. याला खोटे मत म्हणत नाहीत.

गुरुवार, ६.
हरतो आहोत. लोक आळशी, खाते उघडत नाहीत. त्यांच्या वतीने मीच काही उघडली. नावे सुचेनात. मग त्र्याण्णवच्या भूकंपाआधीच्या आमच्या गल्लीतली आपोआप आली, घरांच्या ओळीने. गोरोबा, महांतप्पा, कोंडाबाई. सगळी त्या रात्री गेलेली. नवे गाव दुसरीकडे बसवले तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. आता विचारले, एवढेच.

शुक्रवार, ७.
जिंकतो आहोत.
कोंडाबाईच्या खात्यावर निरोप आला. तिच्या मुलाचा, धनाजीचा. पुण्याला कारखान्यात असतो. "माझ्या मायचं नाव कुणी घेतलंय? ती भूकंपात गेली."
उत्तर द्यायचे नाही असे ठरवले. चहा घेतल्यावर दिले. "जेवलास का बाळा?"
मग आले, "व्हय."

शनिवार, ८.
धनाजीने लिहिले, पोरीचं लग्न जमलंय. मी आशीर्वाद दिला. यात फसवणूक कसली? माणसाला आधार लागतो.
प्रयोग म्हणून यज्ञेशच्या खात्यावरून माझ्या खात्याला लिहिले. "बाबा, काय करताय?"
माझा मोबाइल वाजला. उठून मागच्या खोलीत बघून आलो. कोणी नव्हते. असणार नव्हतेच.
उत्तर दिले नाही. काय करतो ते सांगता येईना.

रविवार, ९.
निवेदिताचा फोन. 'हलवू नये'ची बहुतेक मते एकाच घरच्या कनेक्शनवरून आली आहेत. ती सगळी बाद. लाइटच्या चढउतारामुळे तसे दिसत असेल, असे मी सांगितले. ती म्हणाली, "काका, यज्ञेशनं मत दिलेलं दिसलं आणि मी त्याचा नंबर लावला. असं नका हो करू." चावडी दुपारी पुण्याला गेली.
थोड्या वेळाने धनाजीचा फोन. "बाबूकाका, तुमीच ना?" कसे ओळखलेस, विचारले. म्हणाला, "चावडी तुमच्याच घरात हुती. अन् आमची माय जेवलास का कधी म्हणली न्हाय. 'गिळलास का मुडद्या' म्हणायची." हसला. म्हणाला, पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी दोन दिवस लई बरं वाटलं.
मी म्हणालो, खाते आता काढावे लागेल. "काढा की," म्हणाला. पण फोन ठेवेना. मीही ठेवला नाही.
नंतर मशीन बंद केले. वनमाला तिच्या बहिणीकडे माकणीला गेली आहे. नळाला पाणी आले होते. हंडे भरून ठेवले.