उजव्या अंगाचा हुक

आप्पा, आधी एक चूक दुरुस्त करायची आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की शेडमधला दिवा तुम्ही कायम एकाच जागी ठेवलात, तुमच्या हाताला सोयीचा, आणि आपली पोरगी डावरी आहे हा विचार तुमच्या मनात कधी आलाच नाही. ते पत्रही कुठे गेलं नाही, टेबलाच्या खणातच आहे. पण लिहिलं ते लिहिलं, आणि ते खरं नव्हतं. नुसत्या रेघा मारून खोडलं असतं तर माझं समाधान झालं नसतं, म्हणून नवीन कागद घेतला.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते. शेड काही महिने बंद राहिली आणि मग मीच उघडली, कारण मला दुसरं काही येत नव्हतं आणि मोटार भरणं, जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार बसवणं, येत होतं. शाळेत जायच्या आधीपासून येत होतं. आकडे मी बालवाडीत शिकले नाही, ते तुम्ही शिकवलेत. तुम्ही फर्मा फिरवायचात, तांब्याची तार त्यावर चढत जायची आणि मी वेढे मोजायचे. माझी मोजणी चुकली तर तुम्ही ओरडायचा नाहीत. चढवलेली सगळी तार उलटी सोडायचात आणि म्हणायचात, "पहिल्यापासनं." अजूनही कुठे अडले की मी स्वतःला तेच सांगते. शेडमध्ये ऐकायला कुणी नसतं, तरी मोठ्यानं सांगते. पूर्वी तारेचं दुसरं टोक मी धरायचे, आता ते पकडीत आवळून ठेवते. पकड चांगली धरते, फक्त मध्येच "चहा टाकू का" म्हणत नाही.

यंदा पावसानंतर नदीपलीकडचे, दौंडच्या बाजूचे ते मामा आले. तुमचं जुनं गिऱ्हाईक, दारातूनच हाक मारणारे. या वेळी हाक न मारता आले आणि मोटार टेम्पोतून स्वतः उतरवून घेतली. "पोरी," म्हणाले, "दोन पाणी पन न्हाई झाली, आन् मोटार गप. कांद्याचं रोप हाय रानात. आप्पाच्या हातची मोटार इसरून जायाचो आमी, इतकी चालायची." रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. मी मोटार उघडली. तार बसते त्या एका खाचेत, अस्तराच्या कागदाच्या कडेला, तारेवरचं वॉर्निश खरवडलं गेलं होतं. भरताना ते दिसायलाच हवं होतं. मला दिसलं नव्हतं. मी ती पुन्हा भरून दिली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक खाच तीनतीनदा बघायला लागले. तरी रात्री झोप लागत नव्हती. डोळे गेले, असंच मनानं घेतलं.

दादाला कळल्यावर तो कारेगावहून खास आला. तो आता रांजणगावच्या कंपनीत आहे, आई त्याच्याकडेच असते. म्हणाला, "आमच्या लाईनला पोरी घेत्यात. लख्ख उजेड, खुर्चीवर बसून काम. हितं अंधारात एकटी काय कोरत बसतीस? दसऱ्यापासनं लाग, मी बोलून ठिवलंय. शेड काय पळून चाललीय?" मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत सांगते. शेड पळून जाणार नाही हे खरं. पण एकदा कुलूप लागलं की ते मी काढणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

मग मी दौंडला जाऊन डोळे दाखवले. डॉक्टरबाईंनी सगळी अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाल्या, "डोळे छान आहेत. काम कुठल्या उजेडात करता?" मी म्हटलं, उजेड चांगला आहे. "कुठल्या बाजूनं येतो?" मला सांगता येईना. रोज ज्याच्याखाली बसते त्या दिव्याची बाजू मला आठवेना, म्हणून मी म्हटलं, घरी जाऊन बघावं लागेल. त्या हसल्या. परत येताना एसटीत मी डोळे मिटून, हात टेबलावर असल्यासारखे धरून बघितले. शेजारच्या आजी जरा सरकून बसल्या.

घरी येऊन बघितलं तर दिवा डावीकडे होता. कायमच होता. मी डाव्या हातानं तार खाचेत सोडते आणि माझ्याच हाताची सावली नेमकी त्या खाचेवर पडते. इतकी वर्षं मी माझ्या सावलीत मोटारी भरत होते, आणि त्यावर उपाय म्हणून बल्ब वाढवत होते. बल्ब मोठा झाला तशी सावली जास्त काळी झाली. एकदा एलईडीची नळी आणून मागच्या भिंतीला लावली, तर डोक्याचीही सावली टेबलावर आली. दौंडहून आले त्याच दिवशी, रागाच्या भरात, मी तुम्हाला ते मागचं पत्र लिहिलं. त्यात असंही लिहिलं होतं की जेवताना, प्रसाद घेताना तुम्ही सारखं "उजवा, उजवा" करायचात. ते खरं आहे. पण ते घरात. शेडमध्ये तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. उलट एकदा एक आबा मला काम करताना बघून म्हणाले होते, "डावरी हाय व्हय? डाव्या हातानं भरल्याली मोटार उलटी फिरंल की." तेव्हा तुम्ही मानही वर न करता म्हणालात, "फिरू द्या. तुमी रानातलं पानी हिरीत सोडा, लोक बघाया येतील." आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पत्र लिहून झाल्यावर मी नीट दिवे घ्यायला शिरूरला गेले. दुकानदारानं विचारलं, "घरात लावायचेत का दुकानात?" म्हटलं, वर्कशॉपला, मोटार वायंडिंगला. "मग मिस्तरीला पाठवा ना ताई, त्यांना बरोबर कळतं." म्हटलं, मीच मिस्तरी. त्यानं एकदा माझ्या हातांकडे बघितलं. वॉर्निशचे डाग साबणानं निघत नाहीत. मग स्टूल पुढे ओढून म्हणाला, "बसा. आता सांगा, टेबल भिंतीला लागून हाय का मोकळं? पत्रा किती उंच? मापं आणलीत?" मी मापं नेली नव्हती. मापं न घेता खरेदीला जाणं तुम्हाला अजिबात पटलं नसतं. दुकानदारानं इतकंच समजावलं की एक नळी समोरच्या भिंतीला डोळ्याच्या वर घ्या, पाठीमागे नको, तांबं चकाकतं म्हणून अगदी पांढरीफेक नको, आणि एक दिवा हाताच्या उलट्या अंगाला जवळ टांगा. बाकीचं मापं घेऊन आल्यावर.

म्हणून रविवारी दुपारी मी मेन बंद करून शिडीच्या घोड्यावर चढले. घोडा धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्याचा एक पाय टेबलाला बांधला. उजव्या बाजूचं माप घेताना जुने फर्मे आड आले. त्या बाजूला वरच्या लोखंडी अँगलला एक हुक आहे, त्यावर मीच कधीतरी ते ओवून टांगले होते. फर्मे खाली उतरवले आणि प्रथमच तो हुक नीट बघितला. तांब्याच्या तीन तारा एकत्र पिळलेल्या, आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. तुमच्याशिवाय असं टोक कुणी वळवत नाही. त्याच्या वरच्या पत्र्यावर दिव्याच्या धगीनं पडलेलं काळपट वर्तुळ होतं, डावीकडे आहे तसंच. मग मी दिव्याची वायर बघितली. डावीकडच्या हुकाजवळ तिचं एक वेटोळं कापडी पट्टीनं बांधलेलं आहे. वीतभर तार वाया गेली तर हळहळणाऱ्या माणसानं एवढी वायर फुकट का ठेवली असेल, असं मला अनेकदा वाटलं होतं. पट्टी सोडली. वायर दुसऱ्या हुकापर्यंत बरोबर पोचली.

मी तिथंच घोड्यावर बसून आईला फोन लावला. "आई, शेडमध्ये उजव्या अंगाला हुक कशाचा गं?"

"तुझा," आई म्हणाली, जणू मी भाकरी कशाची ते विचारलं होतं. "तू शाळंतनं यायच्या टायमाला तुझं आप्पा टेबलावर चढायचं आन् दिवा तिकडं लावायचं. तू उठलीस की परत हिकडं. मी म्हनायची, पडशीला एखांद्या दिशी. तर म्हनायचं, सावलीत कसं शिकंल पोरगी?"

"मला कधी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? तू आलीस की दिवा तिकडंच असायचा." मग तिनंच विचारलं, "तू अजून डाव्याच अंगाला लावतीस व्हय गं?"

मी हो म्हटलं. आई हसायला लागली, आणि ते हसणं मध्येच थांबलं. मग तिनं जेवण झालं का विचारलं.

आता मला वाटतं, मला आठवत कसं नव्हतं ते कळलं. लहानपणी त्या टेबलावर सगळं स्वच्छ दिसायचं, ते मी लहान डोळ्यांच्या खाती टाकलं होतं. बारावीच्या वर्षी तुम्हीच मला म्हणालात, आता अभ्यास कर, शेडकडं फिरकू नको. मी फिरकले नाही. त्याच वर्षी तुम्ही गेलात. दिवा डावीकडे राहिला, कारण मी आले नव्हते. नंतर मी आले तेव्हा तो हलवायला कुणी नव्हतं, आणि ती तुमची जागा समजून मी तिच्याखाली बसत राहिले.

मी तो स्वतः का हलवला नाही, तेही सांगते. चारपाच वर्षांची असेन. जवळून दिसावं म्हणून मी दिव्याची पत्र्याची टोपी धरून ओढली होती. होल्डर फुटका होता. मला आठवतो तो झटका नाही, तुमचा चेहरा आठवतो. तुम्ही मला उचलून दाराबाहेर नेलंत, हात उघडून बघितलात आणि ओरडलात, "दिव्याला हात लावायचा न्हाई. मोठी झालीस तरी न्हाई. समजलं?" तुम्ही माझ्यावर ओरडल्याची तेवढी एकच आठवण आहे. मी समजलं म्हटलं होतं. होल्डर तुम्ही दुसऱ्याच दिवशी बदललात आणि तो हुकही, आई म्हणते, त्याच आठवड्यातला. पण शब्द मागे घ्यायचं तुम्हाला सुचलं नाही आणि विचारायचं मला सुचलं नाही. बल्ब बदलते, मेन बंद करून, कापड धरून. टोपी, वायर, दिवा अडकवलेला हुक यांना मी रविवारपर्यंत हात लावला नव्हता.

काल शिरूरहून समोरच्या भिंतीसाठी एक नळी आणि टोपीत बसेल असा एक बल्ब आणला. टोपी तुमचीच राहील. दादाला अजून काही कळवलं नाही. आधी दिवा हलवून एक मोटार भरून बघायची, खाच दिसते का ते बघायचं, मग फोन करायचा, असं ठरवलं आहे. न बघता शब्द द्यायला मला जमत नाही.

एक गोष्ट राहिली. दुसरा हुक सापडून चार दिवस झाले, आणि मी वेटोळं पुन्हा होतं तसं बांधून ठेवलं आहे. हे पत्र मी त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली लिहिते आहे, आणि जे अक्षर लिहिते त्यावर माझ्या हाताची सावली आहे. डावीकडच्या हुकात दिवा शेवटचा तुम्ही अडकवला होता, तो काढला की तुमच्या हातानं ठेवलेलं इथं काही उरणार नाही, असं वाटत होतं. पण उजवा हुकही तुमच्याच हातचा आहे. उद्या खंडेनवमी. हत्यारं धुवून मांडायची, काम करायचं नाही, असा तुमचा नेम. दिवा हलवणं हे काम धरायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. धरायचं नाही. उद्या सकाळी, हत्यारं धुवायच्या आधी.