चमनला पाण्यात कुणी उतरवलं

कोल्हापूर,
ता. ९ डिसेंबर १९१२

सौ. खतिजाआपास धाकट्या भावाचा, इमामचा अनेक सलाम. इकडे सर्व ठीक. तुझी व दाजींची खुशाली कळवावी. तू सावकाश वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढतोय.

तिळाचे लाडू पोचले. यंदा मोहरमला आम्हा मामा-भाच्यांचं हातकणंगल्याला येणं जमत नाही. शाळेत कामं निघाली आहेत. चमनला थोडी सर्दीही आहे, गाडीचा गार वारा नको. काळजीचं कारण नाही.

चमन सारखा ‘आमचं कासारी घर’ म्हणतो ते काय, असं तू विचारलं होतंस. आमच्या शाळेला पंचेचाळीस वर्षं झाली. पहिल्यापासून मुलांची चार घरं आहेत, नद्यांच्या नावांची: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. जात, गाव काही बघत नाहीत. ज्या घराची चिठ्ठी निघेल ते पोराचं घर. मग खेळ, कवायत, पोहणं, सगळं त्या घरासाठी. मी स्वतः कासारीत वाढलो आणि आता त्याच घराचा प्रमुख आहे. शाळेची आणखी एक रीत आहे. शनिवारी सगळे अंगणात जमतात. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानं, कुणी नाव घ्यायच्या आत, उठून सांगायचं. नव्या पोरांना ही रीत मीच समजावतो.

तू इकडे यायची घाई करू नकोस. चमन बरा आहे.

तुझा,
इमाम


कोल्हापूर,
ता. १५ डिसेंबर १९१२

आपा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. चमन आठ दिवस दवाखान्यात आहे. थांब, आधी हे वाच: काल सकाळपासून त्याचा ताप उतरलाय. आज वाटीभर पेज घेतली. जिवाचा धोका टळला, असं डॉक्टर सांगतात. एका बाजूच्या फुप्फुसाला सूज आहे, महिनाभर जपावं लागेल. हे दोनदा वाच, मग पुढचं वाच.

सात तारखेला पंचगंगेच्या घाटावर चारही घरांची पोहण्याची शर्यत होती. पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचं. चमनच्या अंगात कणकण असताना तो पाण्यात उतरला. जाताना सगळ्यांच्या पुढं होता. परत येताना मधेच त्याचे हात थांबले आणि तो दिसेनासा झाला. आमच्या घराचा नायक शिवय्यानं कपड्यांनिशी नदीत उडी घेतली आणि त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. चमनचे ओठ काळेनिळे झाले होते. मी काठावर नुसता उभा होतो.

त्याच वेळी तुला तार करायला हवी होती. रोज सकाळी ठरवत होतो. परवा शाहूपुरीत तुझी शेजारीण अंबूबाई भेटली. “चमन कसा हाय वो मास्तर?” तिनं विचारलं. “झ्याक हाय,” म्हणालो आणि सटकलो. पुढं जाऊन एका दुकानाच्या फळीवर बसलो.

काल शनिवार. सगळी शाळा अंगणात. हेडमास्तरसाहेबांनी विचारलं, “तापानं फणफणलेल्या पोराला पाण्यात कुणी उतरवलं?”

मग शिवय्या उठला. “म्या उतरवलं, साहेब. नायक म्या हाय.”

आपा, ते खरं नव्हतं. मी उतरवलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी चमन माझ्याकडे आला होता. “मामा, उद्या मला न्हाय जमायचं. अंग लई दुखतंय.” मी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. मला कळलं होतं, आपा. नऊ वर्षं या शर्यतीची बक्षिसाची ढाल भोगावती घराकडे आहे आणि आमच्यात त्याच्यासारखा पोहणारा दुसरा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. “शाळेत मी मामा न्हाय, मास्तर हाय,” मी म्हणालो. “घराचं नाव राखायचं हाय, कण्हू नगंस.” तो मान हलवून गेला.

हेडमास्तरांनी शिवय्याला पुढं बोलावलं, नायकाचा पिवळा पट्टा त्याच्या खांद्यावरून काढून घेतला, आणि तो रिकाम्या खांद्यानं जागेवर जाऊन बसला. तोवर मी बसून होतो. हेही तुला कळू दे. मग मी उठलो. दोनशे पोरांसमोर सगळं सांगितलं. मागच्या पोरांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं.

पट्टा शिवय्याला परत मिळाला. कासारी घर माझ्याकडून काढलं. नोकरीचं शाळेची कमिटी ठरवील. नंतर मी शिवय्याला गाठून विचारलं, “का रे खोटं बोललास?” तो जमिनीकडं बघत म्हणाला, “चमनजवळ तुमी बसाय पायजे, सर. तुमाला काढलं तर त्येच्याजवळ कोन बसनार? माझा काय, एक पट्टा जायचा.” सतरा वर्षांचं पोर. मला तिथं त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

तिथून दवाखान्यात गेलो. चमनला सगळं सांगितलं. तो डॉक्टरांनाही आठ दिवस ‘मीच उतरलो’ म्हणत राहिला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अम्मीला सांगितलंस?”

मी म्हणालो, “अजून न्हाय.”

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. “मग पोरांना सांगून काय उपेग, मामा?”

म्हणून हे लिहितोय. उद्या एक माणूस हातकणंगल्याला येतोय, त्याच्याच हाती देतो, टपालाची वाट बघवणार नाही. पत्र मिळताच दाजींना घेऊन पहिल्या गाडीनं ये. स्टेशनवर शिवय्या असेल. मी येऊ नये असं मलाच वाटतं. चमनला घरी न्यायचं की इथं शिकू द्यायचं, तुम्ही दोघं ठरवा. मी मधे एक शब्द बोलणार नाही.

दाजी मारतील तर मारू देत. तू मात्र गप्प राहू नकोस, आपा. जे बोलायचं ते तोंडावर बोल.

ज्याच्या भरवशावर तू पोर धाडलंस, तो
इमाम